मुसीकाठच्या वास्तू रिकाम्या होताना

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे एके काळचे तालुक्याचे गाव, आज मंडळाचे मुख्यालय, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर हे महसूल मंडळ, तसेच किनवट आणि राजुरा हे शेजारचे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. खुद्द बोथ मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. घरात मराठी बोलणाऱ्या इथल्या कुटुंबांची राज्ये अशी दोनदा बदलली, राजधानी मात्र निजामाच्या काळापासून आजतागायत एकच राहिली. दुखणे गावात आवरेनासे झाले की हैदराबादचे उस्मानिया रुग्णालय, जमिनीचा वाद वरच्या पायरीला गेला की हैदराबादचे उच्च न्यायालय, मुलगा शिकून मोठा व्हावा असे वाटले की उस्मानिया विद्यापीठ. आदिलाबादहून सुमारे ३०० किलोमीटर अंतर कापून गेलेल्या या माणसांना त्या इमारतींचे घुमट आणि कमानी पाहायला कधीच उसंत मिळाली नाही. त्यांच्या लेखी ती रांगेची, खाटेची आणि तारखेची ठिकाणे.

आता ही ठिकाणे एकामागून एक जागा सोडत आहेत. उच्च न्यायालयासाठी राजेंद्रनगरजवळच्या बुद्वेल येथे १०० एकर जागा देण्यात आली आणि २७ मार्च २०२४ रोजी नव्या संकुलाची पायाभरणी झाली. उस्मानिया सार्वजनिक रुग्णालयाच्या नव्या इमारतीची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथील पोलीस मैदानावर झाली. त्याच सुमारास मुसी नदीच्या दोन्ही काठांचा, सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा, पुनर्विकास हा राज्य सरकारने आपला सर्वांत मोठा नागरी प्रकल्प म्हणून पुढे आणला. आणि २६-२७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री वरच्या दोन जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. प्रवाशांना दोर धरून बाहेर काढावे लागले.

या चार बातम्या वृत्तपत्रांत चार वेगवेगळ्या रकान्यांत आल्या. एक आरोग्य खात्याची, एक न्यायखात्याची, एक नगरविकासाची आणि एक आपत्तीची. प्रत्यक्षात त्या एकाच बातमीचे चार तुकडे आहेत, कारण ज्या वास्तू आज रिकाम्या होत आहेत त्या एका पुरानंतर, एका आराखड्याचा भाग म्हणून, नदीच्या काठावर उभ्या राहिल्या होत्या. तो आराखडा नजरेआड करून इमारतींच्या जतनाची चर्चा करणे म्हणजे शिंपला जपून मोती समुद्रात टाकण्यासारखे आहे, आणि सध्या नेमके तेच होत आहे.

तो पूर २८ सप्टेंबर १९०८ चा. मुसी ही फार मोठी नदी नव्हे. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून ती हैदराबादच्या मधोमध वाहते आणि वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसे. त्या वर्षी दोन दिवसांच्या ढगफुटीसदृश पावसाने खोऱ्यातील तलाव फुटू लागले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे आणि तोही फुटे. खोऱ्यात एकूण ७८८ तलाव होते, त्यांपैकी २२१ फुटले. शहरात शिरलेला लोंढा सव्वाचार लाख घनफूट प्रतिसेकंद इतका असल्याचे पुढे मोजण्यात आले. सुमारे १५,००० माणसे गेल्याचा अंदाज आहे. अफजलगंजचे जुने सरकारी रुग्णालय वाहून गेले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेली दीडशे माणसे तेवढी वाचली, असे सांगतात. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे.

निजाम सरकारने पुराच्या चौकशीसाठी ज्या अभियंत्याला बोलावले तो मराठी वाचकाला अपरिचित नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले, नोकरीची वर्षे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली आणि पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ मध्ये प्रथम खडकवासल्याच्या धरणावर बसले. मुंबई सरकारच्या सेवेतून बाहेर पडल्यावर ते १९०९ मध्ये हैदराबादेत आले. त्यांनी दिलेला अहवाल दोन भागांत वाचला पाहिजे. पहिला भाग सर्वांना ठाऊक आहे. शहराच्या वरच्या बाजूला, मुसीवर आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर, असे दोन जलाशय बांधावेत. त्यानुसार १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. दुसरा भाग सहसा विस्मरणात जातो. शहरातील नदीचे काठ उंच करावेत, त्यांवर रुंद रस्ते आणि बागा असाव्यात, सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था असावी, असे त्यांचे म्हणणे होते. पूर अडवायचा तो धरणाने, आणि तरीही आलाच तर त्याला पसरायला काठावर मोकळी जागा असली पाहिजे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

या दुसऱ्या भागातून आजचे मध्य हैदराबाद घडले. १९११ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्याचा नमुना मुंबईत होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट दाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढीत होता आणि दादर-माटुंग्यात झाडांच्या रांगांनी आखलेले नवे उपनगर वसवीत होता. त्याच १८९८ साली इंग्लंडात एबनेझर हॉवर्ड यांनी उद्याननगरीची कल्पना मांडली होती. शहर आणि शेत यांचे गुण एकत्र असलेली, मर्यादित लोकसंख्येची, जमिनीची मालकी सामुदायिक असलेली वसाहत त्यांना अभिप्रेत होती. हॉवर्ड यांची ही मूळ कल्पना हिंदुस्थानात कुठेच तशीच्या तशी उतरली नाही. जमिनीच्या मालकीचा भाग गळून गेला आणि झाडे, बागा, रुंद रस्ते व मोकळ्या आवारातील सार्वजनिक इमारती एवढे रूप उरले. नव्या दिल्लीत तेच झाले, हैदराबादेतही तेच.

हे रूप देणारा माणूस व्हिन्सेंट एश. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बांधकामावर देखरेख करणारा हा इंग्रज वास्तुविशारद १९१४ मध्ये निजामाच्या सेवेत आला आणि सहा-सात वर्षांतच त्याने शहराचा चेहरा बदलून टाकला. काचिगुडा रेल्वे स्थानक, उच्च न्यायालय, सिटी हायस्कूल (आजचे सिटी कॉलेज) आणि उस्मानिया रुग्णालय या चार वास्तू त्याच्या नावावर आहेत. उच्च न्यायालयाचा मूळ आराखडा मात्र जयपूरच्या शंकरलाल यांचा. एशने तो पुढे नेला. गुलाबी ग्रॅनाइट आणि तांबडा वालुकाश्म यांची ही इमारत १९२० मध्ये न्यायालयाच्या ताब्यात आली. सिटी कॉलेजची इमारत १९२१ मधली, रुग्णालय १९२५ मधले. न्यायालय आणि महाविद्यालय नदीच्या दक्षिण काठावर शेजारी शेजारी आहेत आणि समोरच्या काठावर रुग्णालय. पुलावर उभे राहून पाहिले की न्याय, शिक्षण आणि आरोग्य यांची ही योजना एका दृष्टिक्षेपात येते. घुमट कुतुबशाही थडग्यांचे, छत्र्या राजस्थानी, कमानी मोगल आणि आतील मांडणी युरोपीय. या मिश्रणाला इंडो-सारासेनिक म्हणतात. गोमंतकीय वाचकाला ओल्ड गोव्याची चर्चे पाहण्याची सवय असल्याने ती शैली कदाचित दिखाऊ वाटेल, आणि काही अंशी ती तशी आहेही. परंतु तिच्या जाड भिंती, उंच छते आणि खोल व्हरांडे दख्खनच्या उन्हाला दिलेले उत्तर होते. विजेचे पंखे बंद पडले तरी वॉर्डातील माणूस गुदमरत नसे.

काचिगुड्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे स्थानक हैदराबाद-मनमाड या मीटरगेज मार्गाचे प्रमुख ठाणे होते. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडकडचा मराठी माणूस राजधानीत उतरत असे तो याच छत्र्यांखाली. आदिलाबादचा रेल्वेमार्ग आजही किनवट, हिमायतनगर, भोकर करीत मुदखेडला जातो. म्हणजे आदिलाबादच्या माणसाला आपल्याच राज्याच्या राजधानीला आगगाडीने जायचे तर आधी महाराष्ट्रात जावे लागते. राज्यांच्या सीमा नकाशावर आखल्या गेल्या. रूळ जिथे होते तिथेच राहिले.

सुधारणा मंडळाने केवळ शोभेची कामे केली नाहीत. चारमिनारकडे जाणारा पत्थरगट्टीचा दगडी कमानींचा बाजार त्याचाच. नामपल्लीसारख्या ठिकाणी दाट झोपड्या हटवून तिथे उत्पन्नानुसार वर्ग पाडून आखलेली घरे बांधण्यात आली. १९३५ चा मोअज्जम जाही बाजार हा या प्रयत्नाचा उत्तरार्ध. तथापि या सुधारणेची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येत नाही. मुंबईच्या ट्रस्टवर त्याच्याच काळात टीका झाली होती की तो जितकी घरे पाडतो तितकी बांधत नाही. ज्यांना बी.आय.टी. चाळींचा इतिहास ठाऊक आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. हैदराबादेतही बाग आली की वस्ती उठली. नदीकाठचा धोबी, कुंभार, भाजीवाला यांना मोकळ्या काठाचा आराखडा विचारून केलेला नव्हता. म्हणून १९०९ च्या आराखड्याकडे सुवर्णयुग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. सप्टेंबर २०२४ मध्ये मुसीच्या पात्रातील घरांवर रंगाच्या खुणा उमटू लागल्या, काही कुटुंबांना सरकारी घरांत हलवण्यात आले, आणि जिथे मुलांची शाळा व बायकांची धुणीभांड्यांची कामे आहेत तिथून दूर का जायचे, हा प्रश्न रस्त्यावर आला. तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच होता. तेव्हा विचारणाऱ्यांना मत नव्हते, एवढाच फरक.

नदीपासून दूर, अडिकमेटच्या माळावर, याच काळात उद्याननगरीचा एक वेगळा प्रयोग झाला. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१७ च्या फर्मानाने झाली आणि सुरुवातीची वर्षे ते भाड्याच्या इमारतींत चालले. कायमच्या जागेसाठी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला. गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि शहर सरसकट पाडून सुधारण्याऐवजी आहे तिथेच हलक्या हाताने, गरजेपुरते छेद देऊन सुधारावे, असे ते सांगत. इंदूरच्या त्यांच्या अहवालातही हाच सूर आहे. त्यांनी अडिकमेटची जागा निवडली. त्यानंतर १९३० च्या सुमारास सय्यद अली रझा आणि झैन यार जंग हे दोन वास्तुविशारद जगातील विद्यापीठे पाहण्यासाठी निघाले. जपान, अमेरिका, युरोप असा प्रवास करून ते इजिप्तमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांची गाठ अर्नेस्ट जास्पर या बेल्जियन वास्तुविशारदाशी पडली.

जास्पर यांची निवड विचारपूर्वक होती. कैरोच्या बाहेर, वाळवंटात, एदुआर आंपें या बेल्जियन उद्योगपतीने १९०५ नंतर हेलिओपोलिस नावाची नवी नगरी वसवायला घेतली होती. ट्राम, रुंद रस्ते, बागा आणि कमानींच्या सज्जांच्या इमारती असलेली ती वसाहत उद्याननगरी म्हणूनच गाजली आणि तिचे १९१० मध्ये उघडलेले भव्य हॉटेल जास्पर यांचे होते. ते हॉटेल आज इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा आहे. वाळवंटात सावली कशी बांधायची हे ज्याला कळले त्याला दख्खनच्या खडकाळ माळावर बोलावले गेले. कला महाविद्यालयाची कोनशिला ५ जुलै १९३४ रोजी बसली आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. प्रवेशद्वाराची उत्तुंग कमान इस्लामी वळणाची आहे. आतील खांब मात्र अजिंठा-वेरूळच्या लेण्यांकडे पाहून घडवलेले आहेत. मराठवाड्याच्या कातळातून निजामाच्या राजधानीपर्यंत गेलेला हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. त्याच विद्यापीठातून १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत मराठी मुले मोठ्या संख्येने होती आणि पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. वास्तूची सर्वसमावेशकता तिच्या मालकाच्या धोरणात असतेच असे नाही.

अडिकमेटचा प्रयोग तुलनेने टिकला, कारण तिथे इमारत आणि तिच्याभोवतीची जमीन यांचा मालक एकच राहिला. विद्यापीठाच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली, वादही झाले, तरी कला महाविद्यालयासमोरचा मोकळा पट्टा अजून मोकळा आहे. मुसीकाठी तसे झाले नाही. तिथे इमारती एका खात्याच्या, बागा दुसऱ्याच्या, नदी तिसऱ्याची, गटारे चौथ्याची आणि वरचे जलाशय पाचव्याचे. प्रत्येकाने आपला तुकडा आपल्या सोयीने वापरला.

बसस्थानकाचेच उदाहरण घ्यावे. इमलीबन म्हणजे चिंचेचे बन. नदीच्या दोन प्रवाहांमधील या बेटावर १९९० च्या दशकात आशियातील मोठ्या स्थानकांपैकी एक मानले गेलेले बसस्थानक उभे राहिले. पुराला पसरण्यासाठी जी जागा हवी होती तिथेच दिवसाकाठी हजारो प्रवासी उतरू लागले. आदिलाबादकडच्या गाड्याही तिथे येतात. वरच्या बाजूला तेवढेच घडले. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या पाणलोटातील ८४ गावांत मोठ्या बांधकामांना मनाई करणारा शासनादेश क्रमांक १११ हा १९९६ चा. एप्रिल २०२२ मध्ये त्या वेळच्या सरकारने हे निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. तलावांची साखळी, जलाशय, मोकळा काठ, सांडपाण्याच्या वाहिन्या ही विश्वेश्वरय्यांची चारही अंगे अशी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटीत कमजोर झाली. यात एकाच सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोयीचे आहे, पण खरे नाही.

जुलै २०२० मध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतील वॉर्डांत गुडघाभर पाणी आले, तेव्हा देशभर त्याची चित्रे गेली. शंभर वर्षांची इमारत कोसळायला आली, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला आणि इमारतीला टाळे लागले. वास्तविक ते नदीचे पाणी नव्हते. ते पावसाचे आणि तुंबलेल्या गटारांचे पाणी होते. इमारत नदीपासून वाचावी म्हणून धरणे बांधली गेली होती. तिच्या पाठीमागचे गटार तिला बुडवील याचा बंदोबस्त कोणी केला नव्हता. दोष घुमटाचा ठरला.

म्हणून रुग्णालय हलवू नये, असे मात्र मी म्हणणार नाही. वारसाप्रेमी मंडळींशी इथे माझा मतभेद आहे. अतिदक्षता विभाग, प्राणवायूच्या वाहिन्या, जंतुसंसर्ग रोखण्याची आजची मानके १९२५ च्या व्हरांड्यात बसवणे कठीण आहे आणि त्याचा जाच बोथहून आलेल्या त्या रुग्णालाच होतो. त्याला नवी खाट मिळणार असेल तर ती मिळालीच पाहिजे. प्रश्न त्यानंतरचा आहे. रुग्णालय गेल्यावर त्या जागेचे काय, न्यायालय गेल्यावर त्या जागेचे काय, हे हलवण्याच्या आधी ठरले पाहिजे. जुन्या इमारतींचे जतन करू, असे सरकार सांगते. पण हैदराबादचा अलीकडचा अनुभव धीर देणारा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शहरातील वारसा वास्तूंना संरक्षण देणारा नियमच रद्द झाला. नवा कायदा यायला २०१७ उजाडले. २०१९ मध्ये विधानभवनासाठी एर्रम मंझिल पाडण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. जुलै २०२० मध्ये मात्र सचिवालयाच्या आवारातील १८८८ ची इमारत नव्या सचिवालयासाठी पाडली गेली. उलट बाजूला मोअज्जम जाही बाजाराचे उदाहरण आहे. त्याची दुरुस्ती २०२० मध्ये पूर्ण झाली आणि गाळेधारक, फळवाले, आइस्क्रीमची जुनी दुकाने होती तिथेच राहिली. वापर न बदलता डागडुजी झाली, म्हणून ती जागा जिवंत आहे.

गोव्याच्या वाचकाला ही गोष्ट दूरची वाटण्याचे कारण नाही. आदिलाबादचे नाव विजापूरच्या आदिलशहावरून पडले असे सांगतात आणि मांडवीकाठचा आदिलशाही राजवाडा त्याच घराण्याची खूण आहे; पण साम्य तेवढ्यावर थांबत नाही. पणजीही आखलेलीच नगरी. दोम मानुएल दी पोर्तुगाल ई काश्त्रु यांच्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३५ या काळात, वाळूच्या टेकड्या सपाट करून आणि दलदल भरून तिचे रस्ते काढले गेले, आणि १८४३ मध्ये ती अधिकृत राजधानी झाली. कांपालची झाडे आणि बागा, आल्तिनोच्या चढावरील लायसियमची वास्तू, मांडवीकडे तोंड करून उभे असलेले गोमेकॉचे जुने रुग्णालय हा त्या शहराचा मूळ साज. आणि मग हैदराबादेत आज घडते आहे ते आपल्याकडे आधीच घडून गेले. रुग्णालय बांबोळीला गेले. विधानसभा २००० मध्ये राजवाडा सोडून पर्वरीला गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठही पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले.

जुन्या गोमेकॉचे नशीब चांगले म्हणायचे. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि त्या इमारतीला रंग, दिवे आणि काम मिळाले. पुढे डिसेंबरातील सेरेंडिपिटी महोत्सवाने जुन्या रुग्णालयाच्या खोल्यांत चित्रे आणि मांडण्या नेल्या. इमारत वाचली, हे खरेच आहे. पण नोव्हेंबर-डिसेंबरातील ते दिवस वगळले तर तिथे पणजीकराचे रोजचे काय काम पडते? जिथे एके काळी सत्तरीची बाई आजारी मूल घेऊन ताटकळत बसे तिथे आज कार्यक्रमाच्या वेळीच वर्दळ असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या साऱ्या रंगरंगोटीच्या काळात, काही अंतरावर, सांतिनेजची खाडी गाळ आणि सांडपाणी यांनी भरत राहिली. शहराचे पावसाचे पाणी मांडवीत नेणारी ती वाट होती. दर पावसाळ्यात पणजीच्या सखल भागात पाणी साचते, तेव्हा आपण स्मार्ट सिटीच्या कंत्राटदाराला बोल लावतो. तो बोल बऱ्याच अंशी रास्त आहे. पण दर्शनी भागाला वारसा म्हणायचे आणि निचऱ्याला गटार, ही आपली जुनी खोड त्याच्याही आधीची आहे. पणजीत जे छोट्या प्रमाणात झाले तेच हैदराबादेत पन्नास पटीने होऊ घातले आहे.

मुसी प्रकल्पाच्या आजवरच्या सादरीकरणांत चालण्याचे पथ, पूल, बाजार, उंच इमारती आणि रोषणाई भरपूर आहे. त्यातील काही गोष्टी हव्याच आहेत. आजची मुसी म्हणजे बव्हंशी सांडपाण्याचा प्रवाह, आणि तिच्या काठी कोणी नाक मोकळे ठेवून उभे राहू शकत नाही. परंतु नदीकाठ विकसित करून त्यातूनच पैसा उभा करायचा म्हटले की काठावरची जमीन हेच भांडवल होते. मग मोकळी जागा ही पुराची गरज न राहता विकायचा राहून गेलेला भूखंड ठरते. उच्च न्यायालयाचे आवार, रुग्णालयाची २६ एकरांच्या आसपासची जमीन आणि त्यांच्या मधले पात्र मिळून मध्य हैदराबादेत नदीला उरलेला हा अखेरचा रुंद श्वास आहे. तो कोणत्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवला जातो यावर पुढचे बरेच अवलंबून राहील. घुमट जतन केले आणि आवारात वाहनतळ, व्यापारी संकुल, पंचतारांकित हॉटेल आले, तर वास्तुशास्त्राच्या पुस्तकात छायाचित्र छापण्यापुरते एशचे काम शिल्लक राहील.

काही गोष्टी आताही करता येण्यासारख्या आहेत. न्यायालय आणि रुग्णालय यांच्या रिकाम्या इमारतींचा पुढील वापर आणि त्यांच्या आवाराची सीमा प्रकल्पाच्या निविदा निघण्यापूर्वी अधिसूचित करता येईल. शहरातील जुन्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग किंवा तपासणी केंद्र ठेवता आले तर अफजलगंजच्या गरीब वस्तीची पायाखालची सोय जाणार नाही आणि दगडी व्हरांड्यांना त्यांचे मूळ काम उरेल. जलाशयांच्या पाणलोटाचा निर्णय आणि शहरातील काठाचा निर्णय एकाच टेबलावर झाला पाहिजे. १९०९ मध्ये तो एका अहवालात झाला होता, ११६ वर्षांनंतर तो पाच खात्यांत विभागला जावा याला तांत्रिक कारण नाही. आणि ज्यांची घरे पात्रातून उठवायची आहेत त्यांना त्यांच्या रोजगाराच्या टप्प्यात जागा दिल्याशिवाय उठवू नये. हे शेवटचे सर्वांत खर्चिक आहे आणि म्हणूनच ते सादरीकरणांत सर्वांत बारीक अक्षरात असते.

दरम्यान, बसस्थानकातील चिखल दोन-चार दिवसांत धुऊन काढण्यात आला आणि गाड्या पूर्ववत सुरू झाल्या. बोथचा माणूस आणखी काही वर्षांनी औषधासाठी गोशामहलला आणि तारखेसाठी बुद्वेलला जाईल. नदीच्या मधोमध असलेल्या चिंचेच्या बनातील स्थानक दुसरीकडे नेण्याचा विषय मात्र चारही बातम्यांत कुठे नव्हता.